म्हैस तुमच्या मेसेजचं ऐकत नाही

पहाटे पावणेसहाला फोन वाजला. २०२१ची दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि नागपुरात थंडी नुकती अंगाला लागायला लागली होती. पलीकडून कुही तालुक्यातले एक काकाजी.

"ताई, तुमी सांगतलेली तारीख उलटून सतरा रोज झाले. म्हैस तं काही तुमच्या मेसेजचं ऐकून नाई राह्यली."

मी झोपेतच विचारलं, कास भरली का, शेपटीजवळची हाडं सैल पडली का, अस्वस्थ दिसते का?

"काहीच नाई. मजेत तणस खाऊन राह्यली. मीच सतरा राती कोठ्यात खाट टाकून झोपून राह्यलो."

लॅपटॉप उघडला. काकाजींच्या नावासमोरची ओळ काढली आणि पोटात गोळा आला. फळल्याची, म्हणजे गाभण जायला भरवल्याची, तारीख बरोबर होती, पण ‘जनावर’ हा रकाना रिकामा. रिकामा रकाना म्हणजे गाय, असं मीच व्यायच्या तारखा काढणाऱ्या त्या शीटला शिकवून ठेवलं होतं. गाय साधारण २८० दिवसांनी व्यायते, म्हैस ३१० दिवसांनी. म्हणजे अजून तेरा दिवस होते. हे सगळं मी काकाजींना खाल मानेनं सांगितलं. फोनवर खाल मान दिसत नाही, पण आवाजात कळते.

"बाई, म्हैस दहा महिन्यांची असते हे आमच्या शेंबड्या पोरालेही माहीत हाये."

"मग काकाजी, तुम्ही सतरा रात्री झोपलात कशाला?"

जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "मले वाटलं, मोबाइलवर आलं तं काही नवीन निघालं असन."

या वाक्यानं मला जेवढं घाबरवलं तेवढं दुसऱ्या कशानं नाही. साठ वर्षं म्हशी पाळलेला माणूस, आणि मी पाठवलेल्या एका तारखेपायी त्यानं स्वतःचं शहाणपण खुंटीला टांगून ठेवलं होतं.

मी नागपुरातल्या महाल भागातली. दूध म्हणजे सकाळी दाराच्या कडीला लटकणारी पिशवी, एवढीच माझी दुधाशी ओळख. समाजकार्याची पदवी होती, मराठी टायपिंग बरं होतं. जून २०१९मध्ये एका लहान संस्थेत लागले. कुही, उमरेड, भिवापूर, मौदा या भागात एक-दोन जनावरं असलेल्या घरांसोबत संस्था काम करायची. माझं काम एका ओळीचं होतं: पशुपालकांना मोबाइलवरून उपयोगाची माहिती पाठवणे. माहिती खरी आहे की नाही हे पाहायला एक सर होते, सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेले. मी लिहायचं, ते लाल पेनानं खोडायचे. त्यांचा प्रश्न एकच असायचा, "हे वाचून ती बाई उद्या सकाळी उठून काय करेल?" मी लिहिलेल्या निम्म्या मेसेजांना या प्रश्नाचं उत्तर नसायचं. ‘स्वच्छ दूधनिर्मितीचे महत्त्व ओळखा’ असं काहीतरी मी लिहायची. ओळखलं, पुढे काय?

सुरुवात एसएमएसनं केली, कारण तेव्हा बहुतेकांकडे बटणांचा फोन होता. इंग्रजी लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. त्या सत्तरात काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगवेगळं मोजतात. ‘लाळ्या-खुरकूत’ आपल्या लेखी एक शब्द. फोनच्या हिशोबात तेरा जागा. सत्तरच्या वर एक वेलांटी गेली की दोन मेसेजचे पैसे. मी आयुष्यात कविता केली नाही, पण त्या पावसाळ्यात मात्रा खूप मोजल्या.

माझा पहिला अभिमानाचा मेसेज असा होता: ‘सकाळी माज, संध्याकाळी भरवा. संध्याकाळी माज, सकाळी भरवा.’ मोजून ५५. यामागची गोष्ट सोपी आणि महत्त्वाची आहे. गाईचं बीज माज संपल्यावर काही तासांनी सुटतं, म्हणून माज दिसल्या दिसल्या रेतनाचं इंजेक्शन देण्यापेक्षा साधारण बारा तासांनी दिलेलं लागण्याची शक्यता जास्त. चुकलं, की पुढचा माज एकवीस दिवसांनी. एकच गाय असलेल्या घरात एकवीस दिवस म्हणजे तेवढ्या दिवसांची ढेप, कुटार आणि तेवढेच दिवस पुढे ढकललेलं दूध. सरांनीही यावर लाल पेन चालवलं नव्हतं.

दुपारी भिवापूरकडून एका पोराचा फोन. "ताई, कोणाचा माज उतरवून राह्यले?" त्याला वाटलं निवडणुकीचा मेसेज आहे. विधानसभा जवळ आलीच होती. दुसऱ्या एका भाऊंनी विचारलं, "संध्याकाळी भरवा म्हणता, पण काय भरवू? ढेप का सरकी?" पंचावन्न जागांत मी सगळं बसवलं होतं, फक्त ‘गाय’ हा शब्द राहिला होता. सर पाच मिनिटं हसले. मग म्हणाले, चूक आपल्या दोघांची आहे, माझीही.

आणखी एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. स्वस्तातल्या कित्येक जुन्या फोनांत देवनागरी उमटतच नव्हती. मौद्याकडे एका घरी एक आजीबाई फोन घेऊन आल्या. पडद्यावर नुसते चौकोन, एकामागे एक, दोन ओळी. त्यांनी तो मेसेज महिनाभर जपून ठेवला होता. "कोणीतरी पाठवलं हाये, वाचून दे." मी माझाच मेसेज ओळखू शकले नाही.

तीन महिन्यांनी आम्ही गावोगाव फिरून विचारलं, मेसेज मिळतात का? पुरुष मंडळी म्हणायची, हो, येते काहीतरी. काय येतं? "ते सरकारचं येते ना." २०१३पासून काहींच्या फोनवर एम-किसानचे मेसेज यायचे, बँकेचे यायचे, रिचार्जचे यायचे, त्या ढिगात आमचा. पण खरं उत्तर मिळालं उमरेड रोडवरच्या एका गावात, एका ताईकडून. ती शेण काढत होती, हात थांबवला नाही.

"मोबाइल त्यायच्या खिशात, ढोरं माह्या गळ्यात. तुमचा मेसेज पानठेल्यावर पोचते, कोठ्यात कसा पोचन?"

मी मेसेज सकाळी अकराला पाठवायची. कारण काय? ऑफिस तेव्हा सुरू व्हायचं, तर्री-पोहे खाऊन झालेले असायचे. त्या वेळी फोन घरधन्यासोबत वावरात, पानठेल्यावर किंवा भर बाजारात. दूध काढायचं पहाटे पाचला आणि संध्याकाळी. वैरणपाणी, शेण, वासरू सोडणं-बांधणं, सगळं घरातली बाई बघते. फोन घरी येतो रात्री आठच्या सुमारास, चार्जिंगला. आमची सगळी यंत्रणा या एका वेळेभोवती फिरायला हवी होती आणि आम्ही ती विचारलीच नव्हती.

तेव्हा आवाजाकडे वळलो. रात्री सव्वाआठला फोन वाजणार, उचलला की एक मिनिटाचं बोलणं ऐकू येणार, पुन्हा ऐकायचं असेल तर एक दाबा. आवाज माझाच देऊ म्हटलं. मी ऑफिसात रेकॉर्ड केलं, ‘नमस्कार, पशुपालक बंधू-भगिनींनो’. पहिल्या दहा सेकंदांत निम्म्या लोकांनी फोन ठेवला. विमा विकणारी बाई वाटले असणार.

भिवापूरकडच्या एका ताईंनी आम्हाला यातून काढलं. घरी दोन गाई, बारावी झालेल्या, आवाज खणखणीत. मी लिहून नेलेला कागद त्यांनी वाचला: ‘दूध काढल्यानंतर सडांची छिद्रे काही काळ उघडी राहतात, त्यामुळे जनावरास लगेच बसू देऊ नये.’

"असं कोण बोलते?"

"का? बरोबरच आहे ना?"

"बरोबर हाये. पण सड कोण म्हन्ते? थान म्हना. अन् जनावरास काय! ते ऐकून घेते का, बसू नको म्हटलं तं?"

मग त्यांनी त्यांच्या पद्धतीनं सांगितलं, चुलीजवळ बसून, मधेच कोंबडा आरवला तो तसाच राहू दिला: "दूध काढलं का लगेच गव्हाणीत चारा टाका. खात राह्यलं का ढोर उभं राह्यते. अर्धा तास उभं राह्यलं पाह्यजे, तोवर थानाचं तोंड उघडं असते. खाली बसलं का शेणातली घाण आत जाते अन् मंग कास दगडावानी होते." मी लिहिलेलं ‘बसू देऊ नये’ कुणाच्याच हातात नव्हतं. ‘चारा टाका’ प्रत्येकीच्या हातात होतं. सरांचा तो प्रश्न ताईंनी न विचारताच सोडवला होता.

शब्दांची वही तिथूनच सुरू झाली. मी गोठा लिहायची, तिकडे कोठा. पेंड नाही, ढेप. भुसा नाही, कुटार. सोयाबीनचं असो की तुरीचं. गव्हाचा तो गव्हांडा. म्हशीचं पिल्लू मादी असेल तर वगार. बांध नाही, धुरा. पुण्याकडून छापून आलेल्या चांगल्या पुस्तिका आमच्या कपाटात होत्या, पण त्यातली गाय आमच्या गावात आली की परकी वाटायची.

काही विषय मात्र आवाजातही द्यायचे नाहीत असं सरांनी पहिल्यापासून ठरवून दिलं होतं. तणसावर युरियाची प्रक्रिया हा त्यातला एक. शंभर किलो तणसाला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, थर दाबून हवाबंद झाकायचं आणि एकवीस दिवसांनी उघडायचं. निकस तणस त्यानं खरोखर पौष्टिक होतं, आणि मौदा-रामटेक पट्ट्यात धानामुळे तणसाला तोटा नाही. पण एका मिनिटाच्या फोनमधलं अर्धं वाक्य ऐकून कुणी युरिया पाण्यात कालवून थेट गाईपुढे ठेवला तर गाय तासा-दोन तासांत जाते. "हे अंगणात करून दाखवायचं. फोनवर फक्त सांगायचं, अमुक दिवशी येतोय," सर म्हणाले. कोवळ्या ज्वारीच्या किराळाचं, म्हणजे तिच्यातल्या विषाचं, उलट. ते फोनवरच सांगायचं, आणि पाऊस ताण देऊन फुटवे फुटतात त्याच आठवड्यात. कारण तिथे करायचं एकच काम असतं: त्या वावरात ढोर सोडू नका. झालंच तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टर बोलवा.

मार्च २०२०मध्ये फिरणं बंद झालं. वर्षभरात पोरांच्या ऑनलाइन शाळेपायी घराघरांत मोठे फोन आले आणि आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर गेलो. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी ‘म्हैस विकणे आहे, दुसऱ्या वेताची’, रात्री अजगराचा व्हिडिओ. वैतागून मी फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं करून टाकलं तर ग्रुप मेला. पुन्हा उघडला. म्हैस विकणे आहे हेही शेवटी उपयोगाचंच आहे, असं मनाला समजावलं. औषधाचं नाव आणि मात्रा ग्रुपवर लिहायची नाही, हा एकच नियम ठेवला. तो सरांचा होता, कारण अशा मेसेजचा फोटो काढून लोक थेट मेडिकलवर जातात. तातडीचं काही असेल तर जनावरांच्या डॉक्टरसाठीच्या १९६२ या नंबरला फोन लावा, एवढंच उत्तर द्यायचं.

एसएमएस तेव्हा जवळजवळ सुटलेच होते. २०२१मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक मेसेजचा साचा आधी नोंदवणं सक्तीचं झालं. त्यात आमचे महिने गेले आणि फायदा इतकाच झाला की मला ‘साचा’ या शब्दाबद्दल विचार करायची सवय लागली: एक ठरलेलं वाक्य आणि मधे बदलत्या जागा. नाव, तारीख.

त्या बदलत्या जागांचा उपयोग सुचला तो मात्र कोठ्यात. त्या जानेवारीत आम्ही आटवण्याचा निरोप पाठवला होता, व्यायच्या दोन महिने आधी दूध बंद करा, म्हणजे कासेला विसावा मिळतो आणि पुढचं वेत चांगलं जातं. त्याच आठवड्यात एका घरी गेले. नवं वासरू उड्या मारत होतं. घरची बाई म्हणाली, "माही गाय तं परवाच व्याली. तुमी आता सांगून राह्यले, आटवा म्हून."

निरोप खरा, भाषा त्यांची, वेळ रात्रीची. सगळं जमलं होतं, फक्त दिवस चुकला होता. आणि दिवस चुकणारच होता, कारण आम्ही दोनशेच्या आसपास घरांना एकाच दिवशी एकच गोष्ट सांगत होतो आणि त्या घरांतल्या गाई दोनशे वेगवेगळ्या दिवशी फळल्या होत्या. कॅलेंडर माझ्या ऑफिसच्या भिंतीवर नाही, प्रत्येक गाईच्या पोटात होतं.

मग शीट केलं. फळल्याची किंवा इंजेक्शनची तारीख घ्यायची आणि तिथून मोजायचं. अठराव्या दिवसापासून चोविसाव्यापर्यंत लक्ष ठेवा, माज परत येतो का. तीन महिन्यांनी तपासून घ्या, गाभण आहे का. २२०व्या दिवशी आटवायला घ्या. शेवटच्या आठवड्यात कोरडी जागा, रात्रीची एक चक्कर. व्याल्यावर तासाभराच्या आत चीक, वासराच्या वजनाचा दहावा भाग दिवसभरात. जार (वार) अडकली तर तिला दगड-चपला बांधून ओढायची नाही. मग दोन महिन्यांनी पुन्हा माजाची आठवण.

पहिल्या फेरीत जनावर ओळखायला मी कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे घातले. बारा अंकी नंबर असतो त्यावर, मला ते फार शास्त्रशुद्ध वाटलं. घरच्यांना मात्र तो पाहायला कंदील घेऊन गाईचा कान धरावा लागायचा. भिवापूरच्या ताई म्हणाल्या, नाव विचारा ना. तर नावं आली: बांडी, मुंडी, चांदी, कपिली, लंगडी. एका घरच्या दोन्ही गाईंना नाव नव्हतं, ‘एक ही अन् एक ते’. त्यांना आम्ही रंगावर काढलं. आणि आता सव्वाआठच्या फोनमध्ये ताईंचा आवाज म्हणायचा, "तुमची बांडी उद्या-परवा माजावर येऊ शकते. आली तं समजा उलटली, लगेच फोन करा." प्रत्येक नाव ताईंनी वेगळं बोलून ठेवलं होतं, मी ते जोडायची.

फरक पहिल्याच महिन्यात कळला, कारण लोक उलट फोन करायला लागले. ‘चांदी उलटली’, ‘मुंडी नाई उलटली, पेढे खायले या’. म्हशींचं जास्त अवघड असतं. त्यांचा माज मुका. ओरडणं नाही की उड्या मारणं नाही, तोही बहुतेक रात्री. आमच्याकडच्या लांब शिंगांच्या नागपुरी म्हशी तर याबाबतीत फारच घुम्या. पण तारीख कळली असली की रात्री दहाला आणि पहाटे एक चक्कर मारायला हरकत नसते. रोज रात्री कोण उठतं? चार रात्री उठता येतं.

आटवण्याच्या फोनवर मात्र भांडणं झाली. एका ताईनं सरळ विचारलं, "दोन महिने दूध बंद म्हन्ता, त्या दोन महिन्याचा किराणा कोण भरते?" मी सरांना विचारलं, सरांनी पुन्हा तेच फायदे सांगितले, आणि दोघांनाही कळत होतं की हे उत्तर नाही. तिला माहिती कमी नव्हती, पैसे कमी होते. शेवटी ती एक महिन्यावर आली. शीटमध्ये मी ‘आटवली’ असं लिहिलं. सरांनी ते खोडलं नाही.

काकाजींचा फोन याच वर्षातला. त्या पहाटेनंतर ‘जनावर’ हा रकाना रिकामा ठेवताच येणार नाही असं करून घेतलं, आणि ताईंकडून एक नवं वाक्य बोलून घेतलं, प्रत्येक तारखेच्या शेवटी जाणारं: "हे अंदाजानं सांगून राह्यलो. तुमच्या डोळ्याले येगळं दिसलं तं तुमचंच खरं." सर म्हणाले, विद्यापीठाच्या कुठल्याही पत्रकावर मी हे वाक्य पाहिलेलं नाही. काकाजींची म्हैस ३०९व्या दिवशी व्याली. वगार झाली. त्यांनी फोटो पाठवला त्यात वगार थोडी आणि खाट जास्त होती.

मग २०२२चा पोळा झाला आणि लम्पी आला.

पहिले काही दिवस आम्ही ग्रुपवर रोगाशी कमी आणि अफवांशी जास्त लढलो. ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का असलेला एक फोटो दिवसातून दहादा यायचा: गाठी आलेल्या गाईचं दूध प्यायलं तर माणसाला गाठी येतात. लम्पी जनावरापासून माणसाला होत नाही, दूध नेहमीसारखं उकळून प्या, हे आम्ही लिहून थकलो. नागपुरातली काही रतीबाची घरं दूध घेईनात. शेवटी भिवापूरच्या ताईंनी स्वतःच्या कोठ्यात उभं राहून चहा पिताना व्हिडिओ काढला, मागे गाय, हातात कप, एक शब्द न बोलता बशीत ओतून फुर्रकन प्यायल्या. आमच्या सगळ्या मेसेजांत तो एकच स्वतःहून गावाबाहेर गेला. बाकी काम ठरलेलं होतं. आजारी जनावर वेगळं बांधा, माश्या-गोचीड-डास आवरा, संध्याकाळी कडुनिंबाचा धूर करा, शेळ्यांच्या देवीची लस आहे ती गाईला टोचून घ्या. गुरांचे बाजार बंद झाले होते, त्यामुळे ‘विकणे आहे’चे मेसेजही थांबले. ग्रुप कधी नव्हे इतका शांत होता.

त्या गडबडीत शीट आपलं काम करत राहिलं. रोज रात्री सव्वाआठला, ठरलेल्या घरी, ठरलेल्या गाईच्या नावानं.

ऑक्टोबरात उमरेडकडच्या एका घरी फोन गेला: "तुमची कपिली येत्या आठवड्यात व्यायची हाये. कोरडी जागा करा, रातच्याले एक चक्कर मारा." मुलानं उचलला, सवयीनं स्पीकरवर टाकला, आईला ऐकू जावं म्हणून. कपिली लम्पीनं जाऊन वीस दिवस झाले होते.

त्या घरून आम्हाला फोन आला नाही. भिवापूरच्या ताईंच्या माहेरच्या कुणीतरी ताईंना सांगितलं, ताईंनी मला. त्या रात्री ताई एवढंच म्हणाल्या, "आवाज माहा होता ना."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. कोठा सारवलेला होता, दावं खुंट्याला गुंडाळून ठेवलेलं. बाईनं बसा म्हटलं, चहा टाकला. कोरा चहा आला. दुधाच्या घरचा कोरा चहा मी पहिल्यांदा प्यायले. मी माफी मागायला लागले तर तिनं हातानंच थांबवलं.

"मले वाटलं, कोणी मस्करी करून राह्यलं. मंग आवाज ओळखला." थोड्या वेळानं म्हणाली, "पोरगा रडला. मी कोठ्यात जाऊन आली एकदा. उगाच."

ताईंनी तिचा हात धरला. मी भिंतीकडे पाहत बसले. मग तिनंच विषय बदलला. पंचनामा झाला होता. दुभत्या गाईमागे ३० हजार रुपये मिळणार असं तिनं ऐकलं होतं. कागद कोणते लागतात, बँकेचं पासबुक नवऱ्याच्या नावाचं चालेल का, बिल्ल्याचा नंबर कुठे लिहायचा? बारा आकड्यांचा तो नंबर, ज्याचा कुणाला उपयोग नाही म्हणून मी मोडीत काढला होता, तोच आता हवा होता. तो माझ्या शीटमध्ये शेवटच्या चार आकड्यांपुरताच होता. व्याल्यावर काय करायचं, उलटल्यावर काय करायचं, सगळ्याचे निरोप माझ्याकडे तयार होते. गाय मेल्यावर काय करायचं, याचा एकही नव्हता.

तो आठवडाभरात केला. पंचनामा, फोटो, बिल्ला, पासबुक, कुठे जायचं, कुणाला भेटायचं. शीटमध्ये नवा रकाना आला: आहे, विकली, गेली. दर महिन्याच्या शेवटी ताई स्वतः फोन लावून विचारतात, यंत्र नाही. त्यात त्यांचे दोन दिवस जातात आणि संस्थेतल्या एका साहेबांना ते दोन दिवस महाग वाटतात. कोणी मेलंबिलं तर मिस्ड कॉल द्यायची सोय करू, म्हणजे खर्च वाचेल, असं त्यांचं म्हणणं. मी तो विषय दर बैठकीत पुढच्या बैठकीवर ढकलते.

उमरेडच्या त्या घरी पुढच्या वर्षी गाय आली नाही, दोन शेळ्या आल्या. ते मला काकाजींकडून कळलं. काकाजी आता माझ्या तारखा तपासतात. अधूनमधून फोन करून त्यांच्या गावातल्या चुका सांगतात, न विचारता. परवा त्यांचा फोन आला, या वेळी सकाळी नऊला, माणसाच्या वेळेला.

"ताई, गंज लोकायनं बकऱ्या घेतल्या. त्यायचं काही नाई का तुमच्या मोबाइलमंधी?"

"घेते काकाजी. दीडशे दिवस ना?"

"पाच महिने. लिहून घ्या बरं, नाई तं तिलेही गायीत टाकून द्यान."